दगडी घरांवर सिमेंटचा गिलावा : फायदा कोणाचा, तोटा कोणाचा?

पावसाळा सरला आणि दसरा जवळ आला की पाथर्डीच्या जुन्या गल्ल्यांतून गवंड्यांची धावपळ सुरू होते. कोणाच्या भिंतीचे पोपडे निघालेले असतात, कोणाच्या घरात ओल शिरलेली असते, तर कोणाच्या घरी मुलामुलीचे लग्न ठरलेले असते आणि घर 'नवे' दिसायला हवे असते. गवंडी येतो, भिंतीवर थापीने दोनचार ठोके मारतो आणि सांगतो, "सिमेंटचा गिलावा मारून टाकू, पुन्हा बघायचे काम नाही." घरमालक मान डोलावतो. आठवड्याभरात काळ्या पाषाणाची जुनी भिंत करड्या सिमेंटखाली झाकली जाते आणि वर प्लास्टिक रंगाचे दोन हात बसतात. घर खरोखरच नवे दिसते.

आमचे म्हणणे असे आहे की या सौद्यात घरमालकाचा तोटा आहे, पुढे जाऊन गवंड्याचाही तोटा आहे आणि ज्या भिंतीने दोन-तीन पिढ्यांना सावली दिली तिचा तर सर्वांत मोठा तोटा आहे. आम्ही सिमेंटचे वैरी नाही. आर.सी.सी.च्या बांधकामाला, पाण्याच्या टाकीला, नव्या पक्क्या विटांच्या भिंतीला सिमेंट योग्यच आहे. परंतु जुने दगडी घर ही वेगळी वस्तू आहे, आणि तिच्यासाठी कोणता गिलावा घ्यावा व तो कसा राखावा याचा विचार आपल्याकडे होत नाही.

भिंत आतून कशी असते?

पाथर्डी, तिसगाव, मिरी, करंजी, टाकळीमानूर या भागातील जुन्या घरांच्या भिंती पाहा. भिंतीची जाडी दीड ते अडीच फूट. बाहेरून दगडाचा एक थर, आतून दुसरा आणि दोन्हींच्या मध्ये बारीक डबर व मातीचा भराव. दगड मातीत किंवा चुन्यात बसवलेले. अनेक घरांत कमरेइतकी किंवा खिडकीच्या तळापर्यंत दगडी भिंत आणि वर पांढरीच्या मातीचे काम. माथ्यावर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचे धाबे.

आता आपला काळा पाषाण फारसे पाणी पीत नाही, हे खरे आहे. म्हणूनच काही इंजिनिअर मंडळी विचारतात की, दगडच जर पाणी शोषत नाही तर सिमेंट लावल्याने बिघडले कुठे? बिघडते ते दगडांमधल्या सांध्यांत. जमिनीतली ओल वर चढते ती सांध्यांतल्या मातीतून आणि मधल्या भरावातून. पावसाचे पाणी आत शिरते तेही तेथूनच, आणि बाहेर पडायचे तर तोच एक मार्ग असतो. बाहेरून चुन्याचा किंवा मातीचा गिलावा असला म्हणजे ही ओल उन्हाळ्यात हळूहळू वाफ होऊन निघून जाते. भिंत पावसाळ्यात भिजते आणि उन्हाळ्यात सुकते. शंभर वर्षे हाच तिचा क्रम असतो.

सिमेंटचा कडक आणि घट्ट थर बसला की हा क्रम मोडतो. भिंत उन्हाने तापते, रात्री निवते, थोडी हलते. सिमेंट तिच्याबरोबर हलत नाही, त्याला केसासारख्या बारीक तडा जातात. त्या तड्यांतून पाणी आत जाते, परंतु बाहेर येताना त्याला वाट मिळत नाही. मग ते आतल्या बाजूने वाट काढते. घरात भिंतीला लोणा लागतो, रंगाचे फुगे येतात, कपाटातली पुस्तके व कपडे बुरसतात. घरमालक म्हणतो, बाहेरचा गिलावा तर चांगला आहे, मग ओल येते कुठून? तो पुन्हा गवंड्याला बोलावतो आणि आतूनही सिमेंट लावून घेतो. आता ओल दोन्हीकडून कोंडली जाते. आतली माती मऊ पडते आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजू लागतात.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. आमच्या स्वतःच्या घराची उत्तरेकडची भिंत आम्ही अशीच सिमेंटने लिंपून घेतली होती. काम करणाऱ्याने मनापासून काम केले होते, माल चोख वापरला होता. सातव्या पावसाळ्यात आतला पलंग भिंतीपासून सरकवावा लागला. नवव्या वर्षी एका तुळईचे टोक बोटाने उकरले तर भुसा हातात आला. तुळई बदलण्याचा खर्च गिलाव्याच्या कित्येक पट आला. चोख माल आणि चांगला हात असूनही नुकसान झाले, कारण वस्तूच चुकीची निवडली होती.

गिलावा भिंतीला ताकद देत नाही

दुसरा गैरसमज याहून घातक आहे. पोट आलेल्या, तडा गेलेल्या भिंतीवर जाड सिमेंट मारले की ती 'मजबूत' होते असे अनेकांना वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील हजारो माणसे गेली. तेथील बहुतेक घरे आपल्यासारखीच होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे वजनदार माळवद. भिंतीचे आतले व बाहेरचे थर आरपार दगडांनी एकमेकांना बांधलेले नव्हते, म्हणून ते सुटले आणि माळवदे खाली आली. भिंतीचे दोन थर बांधण्याचे काम आरपार दगड करतो. गिलावा ते करू शकत नाही. तो भिंतीचा सदरा आहे, हाडे नव्हेत. भिंत फुगली असेल, कोपरा सुटला असेल, तर आधी जाणत्या इंजिनिअरला दाखवावे आणि दुरुस्ती करावी, मग गिलाव्याचे बोलावे. फुगवट्यावर सिमेंट मारणे म्हणजे धोका झाकून ठेवणे होय.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या तालुक्यासह अहिल्यानगर, बीड, धाराशिव जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली. एरवी पाण्यासाठी आभाळाकडे पाहणारा हा अवर्षणाचा मुलूख. येथे पाऊस कमी म्हणून ओलीची चिंता नको, हा हिशेब आता चालणार नाही.

मग निवड कशी करावी?

पहिला प्रश्न असा की, गिलावा हवाच आहे का? घडीव दगडाची, सरळ थरांची भिंत असेल तर तिला गिलाव्याची गरज नाही. ती उघडीच शोभते आणि उघडीच टिकते. तिच्या दरजा तेवढ्या भराव्यात. सांध्यातली सुटी माती व जुना चुरा इंचभर खोल खरवडून काढावा, झाडून घ्यावा, पाणी शिंपडावे आणि चुन्याचा माल दाबून भरावा. मोठ्या फटीत दगडाच्या चिपा ठोकाव्यात. दरजेवर सिमेंटच्या उंच रेघा ओढून 'डिझाइन' करण्याची जी टूम आहे ती टाळावी. त्या रेघांवर पाणी थांबते.

अनघड दगडाच्या भिंतीला मात्र गिलावा हवा, आणि तो चुन्याचा हवा. साधारण प्रमाण एक भाग भिजवलेल्या चुन्याचा लगदा आणि तीन भाग वाळू. जेथे ओल जास्त, विशेषतः जोत्याजवळ, तेथे वाळूचा काही भाग काढून विटांची सुर्खी घालावी. सुर्खीमुळे चुना ओलसर जागीही धरतो. पांढरीच्या मातीचे काम असलेल्या वरच्या भागाला भुसा कालवलेल्या मातीचाच गिलावा करून वर चुन्याची सफेदी द्यावी. मऊ भिंतीवर कडक थर कधीही नको. गिलावा नेहमी भिंतीपेक्षा मऊ असावा, म्हणजे झीज झाली तर ती गिलाव्याची होईल, भिंतीची नव्हे.

"थोडे सिमेंट टाकू, लवकर धरेल," असे गवंडी हमखास म्हणेल. मान्य करू नये. चुन्यात मूठमूठ सिमेंट टाकल्याने ना चुन्याचा गुण राहतो ना सिमेंटचा.

चुना घेताना तो ताजा आहे का हे पाहावे. कळीचा चुना पाण्यात टाकताच उकळ्या फुटल्या पाहिजेत. हवा लागून आपोआप भुकटी झालेला चुना मेलेला असतो. गोणीतली तयार फक्की घेतली तर गोणी बंद आणि अलीकडची असावी, आणि माल कालवण्यापूर्वी ती निदान एक दिवस पाण्यात भिजत ठेवावी. लगदा जितका जुना मुरेल तितका चांगला. मात्र तो पाण्याखाली झाकलेला हवा. कळीचा चुना विझवताना चुना पाण्यात टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. डोळ्यांना चष्मा, हाताला मोजे आणि लहान मुले दूर, ही खबरदारी घ्यावीच. चुन्याने डोळा कायमचा जाऊ शकतो.

वाळूचे पाहू. नदीची वाळू मिळणे अवघड झाले आहे आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने कृत्रिम वाळूचे धोरणही आणले. क्रशरची वाळू चुन्याला चालते, परंतु तिच्यातली दगडाची भुकटी चाळून काढावी, नाहीतर गिलावा सुकताना तडकतो.

हिशेब असा मांडावा. एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. पाऊण इंच जाडीला सव्वासहा घनफूट माल लागतो. दगडी भिंत खालीवर असल्याने खड्डे धरून ८ घनफूट माना. म्हणजे ब्रासला सुमारे ८ घनफूट वाळू आणि पावणेतीन घनफूट चुन्याचा लगदा. वाळूच्या फटींत चुना बसतो म्हणून दोन्हींची बेरीज करू नये. दहा ब्रास भिंतीला एक ब्रास वाळूही पुरी लागत नाही. हे आकडे घरमालकाच्या हाती असले म्हणजे मालात फसगत होत नाही.

ऋतूची घाई

आपल्या तालुक्यात एक अडचण वेगळी आहे. येथील हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लागते, ते उन्हाळ्यात निघते. मग मिळालेल्या पैशातून एप्रिल-मे मध्ये घराचे काम काढले जाते. नेमके तेव्हा ऊन कडक असते आणि पाण्याचा टँकर लावावा लागतो. अशा वेळी सिमेंटलाही पुरेसे पाणी मारले जात नाही आणि चुनाही भाजून निघतो. चुन्याला हळू सुकणे हवे असते. हवेतला वायू घेऊन तो पुन्हा दगडासारखा होतो, आणि या कामाला वेळ व ओलावा दोन्ही लागतात.

म्हणून शक्य असेल त्यांनी गिलावा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावा. ज्यांना जायचेच आहे त्यांनी पाऊस उघडताच एक भिंत करावी, उरलेली पुढच्या वर्षी. एकदम सगळे घर करण्याचा हट्ट धरू नये. उन्हाळ्यातच करणे भाग असेल तर सकाळी सावलीच्या बाजूला काम करावे आणि गिलाव्यावर ओले गोणपाट निदान आठ-दहा दिवस टांगावे. एक थर अर्ध्या इंचाहून जाड नको, आणि पहिला थर नीट धरल्याशिवाय दुसरा देऊ नये. शेवटी नीरूचा पातळ हात.

राखण्याची कला

चुन्याचा गिलावा 'पुन्हा बघायचे काम नाही' असा नसतो. त्याला दर दोन-तीन वर्षांनी सफेदीचे पातळ हात लागतात. पूर्वी ईदच्या आधी किंवा दिवाळीला घरोघर सफेदी होत असे. ती शोभेसाठी होती तशीच भिंतीच्या आरोग्यासाठीही होती. प्रत्येक हात बारीक तडे भरून काढतो. ही सवय सुटली आणि प्लास्टिक रंग आला, तेथून भिंतींचे दुखणे वाढले.

गिलाव्याहूनही आधी पाणी आवरावे. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडत असेल तर पन्हळ लावावी. न्हाणीचे पाणी भिंतीलगत जिरू देऊ नये. रस्त्यावर काँक्रीटचे थरावर थर पडून रस्ता जोत्याच्या वर आला असेल, अंगणात भिंतीला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवले असतील, तर पावसाचे पाणी थेट भिंतीत जाते. भिंतीलगत हात-दीड हात जागा मोकळी ठेवून तेथे खडी भरावी आणि चर काढावा. हा खर्च गिलाव्याच्या मानाने किरकोळ आहे आणि फायदा मोठा आहे.

ज्यांनी आधीच सिमेंट लावले आहे त्यांनी घाबरून सगळे फोडू नये. घणाने फोडताना मऊ भिंतीचे दगडही निखळतात. जेथे गिलावा पोकळ वाजतो तेवढाच हलक्या हाताने काढावा, भिंतीला एक उन्हाळा सुकू द्यावे आणि मग तेथे चुना लावावा.

मस्जिद आणि दर्ग्यांच्या विश्वस्तांना

आमच्या गावोगावच्या जुन्या मस्जिदी व दर्ग्यांबाबत हीच गोष्ट अधिक दुःखाने सांगावी लागते. देणगी आली की पहिला ठराव टाइल्सचा होतो. वजूखान्याच्या बाजूची दगडी भिंत टाइल्स आणि ऑइलपेंटने बंद केली जाते आणि काही वर्षांत ओल मिहराबपर्यंत चढते. वक्फची मालमत्ता ही अमानत आहे. तिच्यावर खर्च करताना झगमगाटापेक्षा टिकाऊपणा पाहणे हे मुतवल्लींचे कर्तव्य आहे. आपल्याच जिल्ह्यात नगरजवळचा फराहबाग पाहा. सलाबत खानाने १५८३ च्या सुमारास पुरा केलेल्या या निजामशाही महालात चुन्याचे काम चार शतकांनंतरही जागोजागी टिकून आहे. आपल्याच पूर्वजांचा हा हुन्नर आपण विसरलो. मात्र इमारत पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असेल तर परवानगीशिवाय थापीही लावू नये, तो कायद्याने गुन्हा आहे.

धंदा म्हणून पाहा

आता व्यापाराचे बोलू. सिमेंट का खपते? दुकानात गोणी तयार मिळते, प्रत्येक गवंड्याला ते लावता येते आणि काम चार दिवसांत उरकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा ते आणखी खपेल. चुन्याच्या घाण्या मात्र बंद पडल्या. बैलाच्या घाणीवर चुना मळणारे म्हातारे गेले, त्यांची मुले सेंटरिंगच्या कामाला लागली. माल मिळत नाही म्हणून गवंडी चुना सांगत नाही, आणि कोणी मागत नाही म्हणून दुकानदार माल ठेवत नाही.

हे चक्र कोणीतरी तोडायला हवे, आणि ज्याच्याकडे हिंमत आहे त्याला यात रोजी आहे. चुना भिजवायला दोन-तीन हौद, चाळण्या, मळायला एक मोटारीची चक्की आणि सुर्खीसाठी जुन्या विटांचा चुरा, एवढ्यावर तयार चुन्याचा माल विकता येतो. मोठे भांडवल लागत नाही. आज लोक जुने वाडे पाडण्याऐवजी सांभाळू लागले आहेत. पुण्या-मुंबईत चुन्याचे काम जाणणाऱ्या कारागिराला शोधावे लागते. इंग्लंडसारख्या देशातही जुन्या दगडी घरांवर सिमेंट लिंपून पाहिल्यावर वारसा जपणाऱ्या संस्था आता पुन्हा चुन्याचाच सल्ला देतात. आपल्या गवंडीकाम करणाऱ्या तरुणांनी एखाद्या जुन्या उस्तादाकडे एक हंगाम घालवला तर हा हुन्नर परत येऊ शकतो.

महाग पडतो, ही तक्रार खरी आहे. मानू या की सिमेंटला १०० रुपये लागतात तेथे चुन्याला १६० लागले. परंतु सिमेंटचा गिलावा आठ-दहा वर्षांत फोडून पुन्हा केला, तर १०० चे २०० होतात, फोडण्याची मजुरी वेगळी. चुन्याला तेवढ्या काळात सफेदीचे ४० रुपये धरले तरी हिशेब २०० वरच थांबतो, आणि तुळया शाबूत राहतात. हातावर पोट असणाऱ्याला पहिले ६० रुपयेच जड जातात हे आम्ही जाणतो. त्याने फक्त दरजा भराव्यात, पन्हळ लावावी आणि सफेदी करावी. सिमेंटच्या कर्जापेक्षा एवढेही भिंतीला अधिक मानवेल.

शेवटी दोन शब्द दोन्ही बाजूंना. घरमालकाने व्यवहार लिहून घ्यावा. माल कोणता, थर किती, गोणपाट किती दिवस, आणि ठरलेल्या मजुरीचा लहानसा भाग पहिला पावसाळा पाहून द्यायचा असेल तर तेही आधीच लिहावे. पुढच्या मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याची शिकवण सूरह अल्-बकराहमध्ये आहे, ती आपण फक्त सावकारीच्या बाबतीत का आठवावी? मजूर-कारागिराचा ठरलेला पैसा मात्र विनाकारण अडवू नये. आणि गवंडी व दुकानदार बांधवांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, सूरह अल्-मुतफ्फिफीनचा आरंभच माप कमी देणाऱ्यांना दिलेल्या इशाऱ्याने होतो. माप कमी देणे म्हणजे केवळ तराजूत हात मारणे नव्हे. जी वस्तू गिऱ्हाइकाच्या भिंतीला मारक आहे हे आपल्याला ठाऊक आहे, ती सोपी पडते म्हणून त्याच्या गळ्यात मारणे, हेही आमच्या मते मापात कमी देणेच आहे.

येत्या हंगामात पाथर्डीतल्या दहा घरमालकांनी जरी गवंड्याला "सिमेंट नको, चुना लाव" असे सांगितले, तरी अकराव्यासाठी दुकानात चुना येईल. अल्लाह तआला आपल्या सर्वांना अमानत सांभाळण्याची तौफीक देवो.